उडाला की गेला?

सकाळी घराबाहेर पडण्याआधी वन्सं घरातल्या विजेच्या वस्तूंना उलट्या हाताने शिवायच्या. मीटरची पेटी, फ्रिजची बाजू, पाण्याच्या पंपाचा स्विच. तळहात नाही, हाताची मागची बाजू, बोटांच्या पेरांपाशी. शिवायचं आणि क्षणभर थांबायचं. समोरची वस्तू काही सांगते आहे आणि तिला मध्येच तोडायचं नाही, असं. मग "ठीक" असं स्वतःशीच म्हणून त्या चपला घालायच्या.

त्यांची भावजय लग्न होऊन या घरात आली, तेव्हा पहिल्याच सकाळी वन्संनी तिच्याही गालाला असाच हात लावला. प्रवासाने तिला कणकण आली होती. वन्संनी तिच्यापुढे औषधाची गोळी आणि पाणी ठेवलं आणि त्या कामाला निघून गेल्या. भावजय मात्र फुरंगटून बसली. ही बाई आपल्याला सरळ हातसुद्धा लावत नाही, काय हा तोरा!

तिचा नवरा, म्हणजे वन्संचा धाकटा भाऊ, हे ऐकून हसून हसून लोळायचा बाकी राहिला. "अगं, ताई माणसाला आणि फ्रिजला एकाच हाताने तपासते. विजेचा धक्का बसला की मूठ आवळते. तळहात लावला तर तार मुठीतच राहते, सुटता सुटत नाही. मागची बाजू लावली तर हात आवळताना आपोआप बाजूला होतो. धंद्यातली सवय आहे ती. तुला काही नापास नाही केलं तिने."

"पास तरी केलं का?"

"जाताना 'ठीक' म्हणाली ना? मग झालं तर."

वन्संचा धंदा नेमका काय, हे भावजयीला समजायला पुढे बरीच वर्षं लागली. नात्यातल्या बायका विचारायच्या, तेव्हा ती "विजेचं काहीतरी" म्हणून वेळ मारून न्यायची. पण वन्संना स्वतःला विचारलं की त्या खुर्ची पुढे ओढून सांगायला बसत, आणि विचारणाऱ्याचा चहा गार होई. कारखान्यातल्या मोठ्या मोटरीला वीज थेट देत नाहीत. मध्ये एक पेटी असते, तिला ड्राइव्ह म्हणतात. ती मोटरीला हळू फिरवते, भरभर फिरवते, सांगाल तिथे थांबवते. पेटी असते नाजूक आणि महाग, म्हणून तिच्या भोवती राखणदार उभे केलेले असतात. वीज जास्त झाली की तुटणारे फ्यूज, मोटरीवर भार वाढला की तिला थांबवणारे रिले, वरून विजेचा लोट आला तर तो स्वतःच्या अंगावर घेणारे छोटे छोटे तुकडे. हे राखणदार बसवायचे, आणि ते अडून बसले की कशामुळे अडले ते शोधायचं, हे वन्संचं काम. एका छोट्या दुरुस्तीच्या कंपनीत त्या होत्या आणि गावभरचे कारखाने त्यांना ओळखत होते.

सगळ्यांत जीव त्यांचा फ्यूजवर. घरात एक वापरून झालेला फ्यूज त्यांनी फोडून ठेवला होता. पांढरी चिनी मातीची नळी, आत बारीक वाळू आणि त्या वाळूत पुरलेली चांदीची पट्टी, कागदाहून पातळ, जागोजागी भोकं पाडून मुद्दाम अशक्त केलेली.

"मुद्दाम कशाला?" भावजयीने एकदा विचारलं होतं.

"घरात एक जण आधी रडणारा असावा लागतो गं. तो रडला की बाकीचे सावध होतात."

"म्हणजे तुमचा भाऊ."

"आमच्या घरात तोच," वन्सं गंभीरपणे म्हणाल्या.

फ्यूजच्या बाबतीत त्यांचा एक हट्ट होता, तो शब्दाचा. कारखान्यातून फोन यायचा, "मॅडम, फ्यूज गेला." वन्संचा पहिला प्रश्न ठरलेला, "उडाला की गेला?" पलीकडचा माणूस गोंधळायचा. त्याला दोन्ही सारखंच. वन्संना नव्हतं. उडाला म्हणजे कुठेतरी तारेला तार भिडली, क्षणात सगळा लोट आला आणि आतली पट्टी धडाक्याने फुटली. नळीच्या टोपीवर काळं दिसतं, कधी तडा जातो. गेला म्हणजे असं काही नाही. बाहेरून नवा कोरा. आतली पट्टी रोज थोडी तापून, थोडी निवून, एक दिवस मुकाट्याने तुटलेली. उडालेल्याचं कारण आजचं असतं, त्या म्हणायच्या, आणि गेलेल्याचं फार जुनं. म्हणून गेलेल्याची चौकशी जास्त करावी लागते.

त्यांच्या या चौकश्यांवरून कारखान्यांमध्ये त्यांना 'कशामुळे मॅडम' म्हणत. तोंडावरही म्हणत. त्यांना राग येत नसे.

भावजयीला नाव वन्संनी ठेवलं होतं, 'टाचणी'. ती शिवणकाम करायची, आणि तोंडात कायम टाचण्या धरलेल्या. टोमणा मारायचा झाला तरी त्या टाचण्यांच्या फटीतून मारायची. तो बारीक निघायचा, पण लागायचा. घरातल्या गोधड्या, उशांचे अभ्रे, वन्संची हत्यारांची पिशवी, सगळं तिच्याच हातचं. कोपऱ्यावर आल्यावर ती टीप तशीच वळवत नसे. एक टाका मागे घेऊन पुन्हा पुढे जाई, म्हणजे कोपरा जन्मात उसवत नाही. वन्सं त्याच गोधडीत झोपायच्या आणि उठल्यावर तिची नीट घडी घालायच्या. पण ती कशी शिवलीय, हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. जी वस्तू बिघडत नाही, तिच्याकडे त्यांचं लक्ष जात नसे.

टाचणी एका मोठ्या धुलाईच्या कारखान्यात कामाला होती. इस्पितळांच्या, हॉटेलांच्या चादरी तिथे ढिगाने यायच्या. फाटलेल्या चादरी शिवण्याच्या टेबलावर तिने बरीच वर्षं काढली, आणि मग मॅनेजरने तिला अख्ख्या खालच्या मजल्याची सुपरवायझर केलं. त्या दिवशी घरी आल्यावर तिने काही सांगितलं नाही, फक्त गळ्यात अडकवलेलं ओळखपत्र काढलं नाही. ते ताटात लोंबायला लागलं तेव्हा नवऱ्याने विचारलं, तेव्हा कुठे कळलं.

मजल्याच्या मध्यावर चादरी पिळून काढणारं मोठं पिंप होतं. ते चालवणाऱ्या माणसाला सगळे 'ढोल' म्हणत. पिंपामुळे म्हणत की त्याच्या पोटामुळे, हे त्याचं त्यालाही ठाऊक नव्हतं. पिंपाच्या मोटरीचा ड्राइव्ह भिंतीलगतच्या करड्या कपाटात होता. कपाटाच्या खालच्या जाळीतून पंखा हवा आत ओढायचा आणि वरच्या जाळीतून बाहेर टाकायचा. आता चादरींचा कारखाना म्हटला की हवेत कापसाची लव उडणारच. खालच्या जाळीवरची गाळणी फाटली होती आणि आत लव साठत होती. टाचणीने नवी गाळणी दोनदा-तीनदा मागितली. भांडारवाला म्हणाला, येईल. ती येईना. शेवटी टाचणीने हातातलं काम बाजूला ठेवून स्वतःच एक गाळणी शिवली. जाड कापडाचे तीन पदर, मध्ये चौकडीची टीप, कडेला पट्टी, आणि कापड कपाटाच्या रंगाशी अगदी जुळणारं करडं. बसवल्यावर ती कंपनीचीच वाटली. मॅनेजर येऊन बघून गेला आणि म्हणाला, "तुमच्या हाताला तोड नाही, बाई." टाचणीने तोंडातल्या टाचण्या काढून "हं" म्हटलं. म्हणजे ती फार खूश होती.

त्यानंतर काही आठवड्यांनी पिंप मध्येच बंद पडू लागलं. ढोल ते चालू करायचा, थोड्या वेळाने ते पुन्हा पडायचं. एक दिवस ते चालूच होईना. वन्संच्या कंपनीतला दुसरा एक जण आला, फ्यूज बदलून गेला. संध्याकाळी जेवताना वन्संना हे समजलं.

"बदलला आणि निघाला? कशामुळे गेला ते न बघता?"

"चालू झालं ना पण," भाऊ म्हणाला.

"चालू होणं म्हणजे बरं होणं नाही. ताप उतरवला म्हणजे दुखणं गेलं का?"

आठवड्याभरात पुन्हा फ्यूज गेला. या वेळी मॅनेजर तापला. ओल्या चादरींचे ढीग पडले होते आणि इस्पितळाचे फोनवर फोन येत होते. त्याने मजल्यावर सगळ्यांना उभं करून सांगितलं, "पॅनेलच्या कपाटाला कुणीतरी हात लावलाय. उद्या कशामुळे मॅडम येतायत. ज्याचा हात निघेल, तो दुसऱ्या दिवसापासून घरी बसेल. मग तो कुणीही असो."

टाचणीने कपाटाच्या खालच्या जाळीकडे पाहिलं. कपाटाला हात लावणारी ती एकच होती.

त्या संध्याकाळी तिने वन्संना आडून विचारलं, "त्या पेटीला इतकं काय जपावं लागतं हो?"

"काही नाही गं. स्वच्छ ठेवावी आणि श्वास घेऊ द्यावा. माणसासारखीच. तोंडावर उशी ठेवलीस तर तू तरी काम करशील का?"

 सांगावं, असं जिभेच्या टोकाशी आलं. पण गळ्यातलं ओळखपत्र तिने नुकतंच काढून खुंटीला टांगलं होतं आणि तिथून ते तिच्याकडे बघत होतं. ती उठली आणि भांडी घासायला लागली, इतकी जोरात, की भाऊ म्हणाला, "तळ झिजवू नकोस, हंडी हवीय आपल्याला." रात्री तिने ठरवलं, सकाळी लवकर जाऊन ती गाळणी काढून टाकायची. पण सकाळी ती पोचली तेव्हा मॅनेजर आणि ढोल कपाटापाशी आधीच उभे, आणि पाठोपाठ वन्संही आल्या.

वन्सं काम करताना टाचणीने पूर्वी कधी पाहिलं नव्हतं. घरात भाजी चिरतानाही बोलत राहणारी ही बाई इथे गप्प होती. त्यांनी मेन स्विच खाली केला, त्याला कुलूप घातलं, किल्ली स्वतःच्या खिशात टाकली. मग नुसत्या उभ्या राहिल्या.

"उघडा की, मॅडम," मॅनेजर म्हणाला.

"आत कपॅसिटर असतात. स्विच बंद केला तरी त्यांच्यात वीज दबा धरून बसते. तिला निवू द्यावं लागतं." थोड्या वेळाने त्यांनी स्वतःजवळच्या पॅनेलच्या किल्लीने दार उघडलं, मीटर लावून पाहिलं, आणि तरीही आतल्या भागांजवळून उलटा हात फिरवला. फ्यूज काढला. टोप्या पाहिल्या. कानाशी नेऊन हलकेच हलवला.

"उडाला की गेला?" ढोलने त्यांच्याच आवाजात विचारलं. बायका तोंडाला पदर लावून हसल्या.

"गेला," वन्सं म्हणाल्या, आणि त्यांचे डोळे चमकले. हे टाचणीने पाहिलं. खेळण्याच्या आत काय आहे ते दिसायला लागल्यावर लहान मुलाचे चमकतात तसे.

त्यांनी नवे फ्यूज बसवले. पाना एका ठरावीक जोरापर्यंतच फिरवत, 'टक्' आवाज आला की थांबत. "जास्त आवळला तरी वाईट, कमी आवळला तरी वाईट," त्या कुणालाच उद्देशून नाही असं म्हणाल्या. वीज सुरू केली. पेटीच्या छोट्या पडद्यावर जुन्या बिघाडांची आठवण साठवलेली असते. ती त्या एकेक बटण दाबून वाचत गेल्या. "गरम झाले. गरम झाले. गरम झाले. हिला ताप येतोय," त्या म्हणाल्या. मग मागे न बघता हात पसरला. "टाचणी, दोरा दे गं एक."

टाचणीने खिशातल्या रिळाचा वीतभर लाल दोरा तोडून दिला.  वन्संनी दोऱ्याचं एक टोक चिमटीत धरून दुसरं वरच्या जाळीपाशी सोडलं. बाहेर येणाऱ्या हवेने तो उडायला हवा होता. तो जेमतेम हलला. मग त्या खाली बसल्या आणि दोरा खालच्या जाळीपुढे धरला. पंखा आत ओढत असता तर दोरा जाळीला जाऊन चिकटला असता. तो ओळंब्यासारखा सरळ लोंबत राहिला.

वन्संनी जाळीला उलटा हात लावला, मग बोट, मग नख. करडा पदर त्यांच्या नखात आला. त्यांनी तो अलगद सोडवून काढला, उजेडात धरला, उलटसुलट केला. त्यांचा चेहरा कौतुकाने भरून आला.

"अहो, काय शिवलंय हे! कोपरा बघा कसा धरलाय. मला कंपनीचीच वाटली. कुणी शिवलंय?"

  सगळा मजला टाचणीकडे बघत होता. मग वन्संनीही पाहिलं. त्यांचा हात हवेतच राहिला.

"बाई, तुम्ही?" मॅनेजर म्हणाला. पूर्वी आपणच वाहवा केली होती, हे तो सोयीस्कर विसरला. "मी काल काय बोललो ते ऐकलं होतंत ना?"

"थांबा हो," वन्सं म्हणाल्या. "अजून घोडं कुठे पेंड खातंय ते कळलेलं नाही."

"आता काय कळायचं राहिलं?"

"या गादीने हवा अडली. हवा अडली म्हणून पेटी तापली, तापली म्हणून थांबली. थांबणं हा तिचा शहाणपणा आहे. थांबल्याने फ्यूज जात नाही. फ्यूज कशामुळे गेला?" त्या ढोलकडे वळल्या. "पिंप थांबलं की तू काय करतोस?"

"मेन स्विच खाली, मेन स्विच वर."

"लगेच?"

"मग काय सत्यनारायणाच्या प्रसादासारखी वाट बघत बसू? चादरी ओल्या असतात."

"आणि पुन्हा थांबलं की?"

"पुन्हा खाली, पुन्हा वर."

वन्सं हळूहळू मान हलवू लागल्या. खिशातून तारेचा तुकडा काढून त्यांनी वाकवला, सरळ केला, वाकवला, सरळ केला. "स्विच वर केलास की आतले अर्धे रिकामे झालेले कपॅसिटर एकदम तहानल्यासारखे वीज ओढतात. दिवसातून एकदा ठीक. पण तासातासाला, तेही निवू न देता? फ्यूजची पट्टी दर वेळी अशी वाकते." तार तुटली. "अशी जाते. पेटीवर रिसेटचं बटण आहे, ते का नाही दाबत?"

"ते कपाटाच्या आत. कपाटाला कुलूप. किल्ली साहेबांच्या टेबलात."

मॅनेजरने खोकला काढला.

"बरं. पण हे खाली-वर करायचं तुला शिकवलं कुणी?"

ढोलने मान खाजवली. आधी छताकडे पाहिलं, मग स्वतःच्या बुटांकडे. "तुम्हीच की."

"मी?"

"मागे फोन केला होता तुम्हाला. बंद पडलंय म्हटलं. तुम्ही दुसऱ्या कुठल्या कारखान्यात होतात, मागे खूप आवाज होता. म्हणालात, एकदा बंद करून चालू कर. केलं, झालं चालू. मग मी दुसऱ्या पाळीला सांगितलं, त्यांनी तिसऱ्या पाळीला."

"अरे, एकदा म्हणाले होते मी!"

"हो ना. मग आम्ही दर वेळी एकदाच करतो."

मजल्यावर हशा पिकला. ढोललाही कळेना आपण काय विनोद केला. वन्सं मात्र पहिल्यांदा अगदी स्तब्ध झाल्या, तुटलेल्या तारेची दोन टोकं दोन हातांत धरून. आणि मग त्याही हसल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," त्या म्हणाल्या. "साहेब, पिंप थांबवलं ते या गादीने. फ्यूज घालवला तो माझ्या वाक्याने. गाळणी आली नाही ती भांडारातून, आणि किल्ली आहे तुमच्या टेबलात. ज्याचा हात निघेल त्याला घरी बसवणार होतात ना? आम्हा दोघींचं घर एकच आहे, एकाच खेपेत काम होईल. तुमची सोय तुम्ही बघा."

मॅनेजर टेबलाकडे गेला. किल्ली आणून त्याने कपाटावर ठेवली. जाताना टाचणीला म्हणाला, "तुमचं बघू."

हे 'बघू' टाचणीने घरी आणलं आणि त्या संध्याकाळपासून वन्संशी बोलणं टाकलं.

भांड्याला भांडं त्या घरात पूर्वीही लागलं होतं, पण त्याचा आवाज व्हायचा. हा अबोला बिनआवाजाचा होता. टाचणी वाढायची, पण वाटी जरा लांब ठेवायची. वन्संनी आपल्या पद्धतीने शोध सुरू केला.

"सगळ्यांसमोर बोलले म्हणून का?"

टाचण्यांच्या फटीतून "नाही."

"नोकरी जाईल म्हणून? नाही जाणार. मी त्याच्याशी पुन्हा बोलले."

"नाही."

"मग कशामुळे?"

"शोधा की. तुमचाच धंदा आहे."

भाऊ पेपराआड तोंड लपवून हसला. वन्सं खोलीत गेल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा प्रयत्न केला, तिसऱ्या दिवशी पुन्हा. फ्रिजला हात लावताना त्यांचं लक्ष नसे. 'ठीक' म्हणायचं राहून जाई. ज्याचं कारण सापडत नाही असं काही घरातच असावं, हे त्यांना सोसवत नव्हतं. आणि टाचणीलाही सांगवत नव्हतं. सांगून कळलं तर त्यात काय राहिलं?

एका सकाळी टाचणी मशीनवर बसली होती. वन्सं अंथरुणातून उठून तशाच बाहेर आल्या, गोधडी ओढत, केस विस्कटलेले. गोधडीचा कोपरा त्यांनी मशीनवर ठेवला. पिशवीतून ती करडी गादी काढून तिचा कोपरा शेजारी ठेवला.

"एक टाका मागे घेऊन मग पुढे," त्या म्हणाल्या. "इथेही आणि इथेही."

टाचणीचा पाय मशीनवर थांबला.

"इतकी वर्षं अंगावर घेतेय," वन्सं म्हणाल्या, "आणि विचारते, कुणी शिवलंय."

टाचणीने तोंडातल्या टाचण्या एकेक करून काढल्या आणि डबीत ठेवल्या. "सापडलं म्हणायचं."

"उशिरा सापडलं."

"गेलेल्याचं कारण जुनंच असतं. तुम्हीच म्हणता."

वन्संनी उलटा हात तिच्या गालाला लावला. मग काहीतरी आठवल्यासारखा तो हात वळवला आणि तळहात लावला. टाचणी म्हणाली, "पुरे, मला उशीर होतोय." पण मान हलवली नाही.

कंपनीची गाळणी यायची ती आलीच नाही. वन्संनी टाचणीला एक तारेची चौकट आणून दिली आणि सांगितलं, एकच पदर, जाळीसारखा विरळ, आणि काढून धुता येईल असा. तिने पहिली केली ती दोरा धरून पाहिल्यावर नापास झाली, दुसरीही. तिसरीला दोरा सरळ जाऊन जाळीला चिकटला. "लोक सुतावरून स्वर्ग गाठतात," ढोल म्हणाला, "या बायांनी पंखा गाठला." रिसेटचं बटण वन्संनी कपाटाच्या दारावर बाहेर आणून दिलं. लाल दोऱ्याचा तुकडा वरच्या जाळीला बांधून ठेवला, हवा आहे तोवर फडफडत राहील असा. पाळी बदलली की टाचणी आधी त्या दोऱ्याकडे बघायची. पुढे तिच्या हाताखालच्या बायकाही बघायला लागल्या, आणि नव्या आलेल्यांना वाटायचं, हा दोराही कंपनीनेच दिलेला आहे. मॅनेजरचं 'बघू' कुठे विरलं ते कुणी विचारलं नाही. एक दिवस त्याने टाचणीला दुसऱ्या कपाटासाठीही तशीच गाळणी शिवायला सांगितली, एवढंच.

वन्सं त्यानंतर फोनवर कुणालाही 'बंद करून चालू कर' म्हणाल्या नाहीत. म्हणायच्या, "हात लावू नकोस, मी येते." त्यामुळे त्यांचं चालणं वाढलं आणि वहाणा लवकर झिजू लागल्या. निवृत्त झाल्यावरही कारखान्यांचे फोन यायचे. त्या खुर्ची पुढे ओढून बसायच्या आणि "उडाला की गेला?" असं विचारून पलीकडच्याला बोलतं करायच्या. टाचणी मशीनवरून ऐकायची आणि अर्ध्या वेळा उत्तर तिला आधी कळायचं.

त्या वारल्या त्या झोपेत, त्याच गोधडीत. सकाळी टाचणीने उठवायला हात लावला, तो तिच्या नकळत उलटाच लावला, आणि तिला कळलं. नात्यातल्यांना फोन करायचं काम तिच्याकडे आलं. "अगं, अशा अचानक?" पलीकडून कुणीतरी रडत विचारलं. "काय झालं?"  टाचणी म्हणाली, "गेल्या." आणि या एका शब्दापाशी ती जरा थांबली, कारण तो बरोबर होता.

शेवटचं म्हणून काही त्या बोलल्या नव्हत्या. आदल्या संध्याकाळी जेवणं झाल्यावर पाणी प्यायला स्वयंपाकघरात आल्या, जाता जाता फ्रिजच्या बाजूला हाताची मागची बाजू लावली आणि नेहमीसारख्या थांबल्या. टाचणी ओटा पुसत होती. तिने 'ठीक'ची वाट पाहिली.

"जरा गरम लागतोय गं," वन्सं म्हणाल्या. "दोरा काढून ठेव एक, टाचणी. कशामुळे ते उद्या बघू."